मोठ्यानं बोलणारी माणसं

परवा माझा नातू ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला जाऊन आला. आल्याबरोबर त्यानं मोबाइलवर तिथल्या हॉस्टेलचे फोटो दाखवले. एका खोलीत एकावर एक चढवलेल्या खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, संडास-न्हाणी सगळ्यांत मिळून एक, आणि भिंतींवर रंगीबेरंगी चित्रं. "आजोबा, एकदम स्वस्तात काम. आणि अनोळखी माणसांबरोबर राहायची वेगळीच मजा असते, तुम्हाला नाही कळायची," असं तो मला समजावून सांगत होता. मी आपली मान डोलावली. मनात म्हटलं, बाळा, तू एका खाटेवर एकटाच झोपलास ना? मग ते हॉस्टेल कसलं, तो राजवाडा. पण बोललो नाही. मी बोललो की घरात सगळे दचकतात. सूनबाई म्हणते, "बाबा, नाक्यावरच्या माणसाशी बोलताय की माझ्याशी?" माझा आवाज मोठा आहे हे मला मान्य आहे. तो कुठून आला हे मात्र यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

भिवंडीत धामणकर नाक्यावरून आत वळलं की रिक्षांची रांग संपते तिथे एक गल्ली होती. गल्ली अजूनही आहे, फक्त तिचं तोंड आता मोठ्या दुकानांनी बुजवलंय. त्या गल्लीत एका दुमजली इमारतीवर पाटी होती, 'गुलशन हॉस्टेल'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. गुलशन म्हणजे बाग, पण तिथे हिरवं म्हणाल तर न्हाणीतलं शेवाळ तेवढं होतं. खाली गफूरचाचांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, वर लांबलचक हॉल, हॉलमध्ये दोन्ही भिंतींना लावलेल्या खाटा, आणि मागच्या अंगाला चाचांचं स्वतःचं बिऱ्हाड. बिऱ्हाड आणि हॉल यांच्यामध्ये एकच गॅलरी. त्या गॅलरीतून खालचा अख्खा कारखाना दिसायचा, कारण चाचांच्या आजोबांनी बांधतानाच मध्ये मोकळं ठेवलं होतं. हातमाग होते तेव्हापासून हे कोकणी मुसलमान घराणं कापडाच्या धंद्यात. चाचांचं मराठी माझ्यापेक्षा गोड होतं. रागावले की मात्र ते हिंदीत जायचे, कारण मराठीत रागावलं की हसू येतं असं त्यांचं म्हणणं.

मी अकलोलीचा. गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. आमची थोडी भातशेती आणि कुंडांच्या वाटेवर दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, नारळ-फुलांचं दुकान. दुकानात दोघांना पुरेल एवढं काम नव्हतं, आणि मला लहानपणापासून यंत्रांचं वेड. सायकल असो, पाण्याचा पंप असो, उघडून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. परत जोडताना एखादा स्क्रू उरायचा, ती गोष्ट वेगळी. तर ओळखीतून मी गफूरचाचांकडे लूम दुरुस्तीचं काम शिकायला आलो. दिवसा खाली काम, म्हणजे आधी लूम चालवायला शिकायचं आणि मग दुरुस्त करायला, वर खाट आणि चाचीच्या हातचं जेवण.

पहिल्या सकाळी मी न्हाणीत गेलो, नळ सोडला आणि हात धारेखाली धरून उभा राहिलो. बाहेर खोळंबलेल्यांनी दार बडवलं. शेवटी मल्लेशनं डोकं आत घातलं. मल्लेश म्हणजे कारखान्याचा जॉबर, लूम बिघडली की दुरुस्त करणारा, तेलंगणातला, आणि माझा उस्ताद. "क्या कर रहा है रे?" त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. "गरम पानी कब आएगा, देख रहा हूँ." देवाशपथ, मला वाटलं होतं की नळ सोडला की आधी गार येतं आणि मग गरम. अकलोलीच्या माणसाला पाणी तापवावं लागतं हे कुठून ठाऊक असणार! आमच्याकडे फडक्यात तांदूळ बांधून कुंडात सोडले तर भात शिजतो. बंब नावाची वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. मल्लेश जो हसत सुटला तो हॉलभर लोळत गेला. त्या दिवसापासून माझं गुरुनाथ हे नाव तिथे कुणी घेतलं नाही. मी 'गरमपानी' झालो. चाचीसुद्धा जेवायला हाक मारायची, "गरमपानी, येतोस काय नाय? थंड होतंय." मग मला बंब पेटवायला शिकवलं. खालचा सुताचा कचरा आणि लाकडाचा भुसा घालून तो धडधड पेटायचा, पाणी चांगलं तापायचं, पण खरं सांगू, त्या पाण्याला वासच नसायचा. आमच्या कुंडाच्या पाण्याला गंधकाचा दर्प असतो. बिनवासाच्या पाण्यानं अंघोळ केली की मला दिवसभर पारोसं असल्यासारखं वाटायचं.

आता आवाजाबद्दल. चालू लूमच्या शेडमध्ये जो उभा राहिलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. खटाक-खट, खटाक-खट, असं एका लूमचं. तशा ओळीनं लूम, आणि प्रत्येकीचा ताल वेगळा. वर चहा ठेवला तर कपात वर्तुळं उठायची. माठातलं पाणी थरथरायचं. पहिले काही दिवस मला वाटे, इमारत आज पडणार. पुढे ती पडेना, आणि मला तो आवाज ऐकूच येईना. गंमत अशी की त्या शेडमध्ये कुणी कुणाशी ओरडूनही बोलू शकत नसे. मग माणसं दोन गोष्टी करायची. ओठ मोठे हलवायची, आणि हात. मूठ करून अंगठा तोंडाकडे नेला म्हणजे चहा आला. दोन बोटांची कात्री केली म्हणजे धागा तुटला. कानाची पाळी ओढली म्हणजे चाचा येतायत, नीट उभे राहा. टाळी वाजवून तळवे उघडले की लूम बंद कर. आणि माझी सगळ्यांत आवडती खूण, पंजा पालथा धरून हवेत दोनदा थोपटायचं, लहान मुलाला झोपवतात तसं. म्हणजे, चालू दे. जॉबर लांबून तुमच्या कापडाकडे बघतो, बारीकसा दोष असतो, तुमचा जीव टांगणीला, हात हँडलवर, आणि तो हवेत दोनदा थोपटतो. काही बिघडलेलं नाही, थांबवू नको. मल्लेशनं मला पहिल्यांदा तसं केलं त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

ही भाषा शेडपुरती राहिली नव्हती. चाची गॅलरीत उभी राहून खाली चाचांशी अख्खा संसार हातांनी करायची. बोटं वळवळवली की मासळीवाली आलीय. पदराला गाठ मारल्यासारखं केलं की पाहुणे. पोटावर हात फिरवला की जेवायला वर या. आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसती बघत राहिली, तर चाचा ताबडतोब वर जायचे. शिवाय जन्मभर लूमशेजारी काढल्यामुळे लूम बंद असतानाही ही मंडळी एकमेकांशी असं बोलत की नवख्याला वाटावं, आता मारामारी होणार. "मीठ दे!" हे वाक्य मी तिथे ज्या आवाजात ऐकलंय त्या आवाजात आमच्या गावी आग लागल्याची वर्दी देतात.

चाचीच्या हाताला चव होती. तांदळाच्या भाकऱ्या, खाऱ्या बोंबलाचं कालवण, वरण-भात, आणि जुम्म्याला गोश्त. कुणाचा उपास, कुणाचा वार, हे तिला तोंडपाठ. "आज तुझा सोमवार नाय काय? बाजूला बस, तुझी हांडी वेगळी काढलीय." मल्लेशला मात्र काहीच तिखट लागत नसे. तो गावाहून लाल मिरचीची बाटली आणून खाटेखाली ठेवायचा आणि चाचीची नजर चुकवून भातावर ओतायचा. तिनं पाहिलं की तीन दिवस अबोला. अबोला म्हणजे काय, तर ती त्याच्याशी फक्त खुणांनी बोलायची, म्हणजे नेहमीसारखीच.

खाटेचं सांगायचं राहिलं. माझ्या खाटेचा अर्धा मालक रामसूरत. हा उत्तर प्रदेशातला विणकर, रात्रपाळीचा. मी दिवसपाळीला. मी उठलो की तो झोपायचा, तो उठला की मी. गादी कधी गार झालीच नाही. आमची भेट काय ती जिन्यात, तो वर येताना आणि मी खाली जाताना. पण उशीखाली तो माझ्यासाठी मूठभर चणे आणि गुळाचा खडा ठेवायचा, मी त्याच्यासाठी गावाकडची चिंच नाहीतर भाजलेली वालाची शेंग. महिनाभर नीट ओळख नसताना आम्ही एकमेकांना असं खाऊ घालत होतो. अडचण व्हायची ती शुक्रवारी. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. लूम बंद म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं एकदम वर, आणि खाटा तेवढ्याच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तिथे अंथरुणावर आधीच चार पाय असायचे. त्यातून लूमचा आवाज नसला की कुणाला झोपच यायची नाही. म्हणून शुक्रवारी हॉस्टेल नेहमी कुठेतरी जायला निघायचं. तशाच एका शुक्रवारी मल्लेश म्हणाला, "अरे गरमपानी, इतनी तारीफ करता है, एक बार दिखा तो सही तेरा गरम पानी!"

पण त्या सहलीकडे वळण्याआधी माझ्या आयविषयी सांगायला हवं. मी लहान असताना तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण कान बरेचसे घेऊन गेला. समोर बसून, ओठ दाखवत, मोठ्यानं बोललं तर तिला कळे. तेवढं कोण करणार! दादा आणि वहिनी वाईट नव्हते, अजिबात नव्हते. पण दिवसभर दुकान, शेत, पोरं करून संध्याकाळी माणूस ओरडून ओरडून किती बोलेल? हळूहळू घरात तिच्याशी बोलणं म्हणजे जेव, ऊठ, हे धर, एवढंच उरलं. मी मात्र रोज संध्याकाळी तिच्यासमोर पाटावर बसायचो आणि गावभरच्या गप्पा तिला सांगायचो. कोण कुणाकडे आलं, कुंडावर आज कसली माणसं आली होती, कुणाच्या म्हशीनं कुणाचा भात खाल्ला. तिला भारी हौस. मध्येच असा एखादा नेमका प्रश्न विचारायची की मी चाट पडायचो. मी भिवंडीला निघालो तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "तू गेलास का मंग माज्याशी बोलनार कोन? ह्या म्हशी? होळीपत्तुर जा. होळी झाली का परत ये. मला न्हाय जमायचं." मी हो म्हणालो. आयला दिलेला शब्द होता आणि तो मी मोडणार नव्हतो. इकडे चाचा म्हणत होते की होळीनंतर तुला मल्लेशच्या हाताखाली पक्का घेतो. तिकडे होळी जवळ येत होती. गादीवर पडलो की मला दोन्ही गोष्टी एकदम आठवायच्या, आणि रामसूरतचा गूळही गोड लागायचा नाही.

तर त्या शुक्रवारी चाचांची जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही निघालो. चाचांचाच टेम्पो, एरवी कापडाचे तागे वाहणारा. पुढे चाचा-चाची, मागे आम्ही सगळे, आणि आमच्या पायांत रामसूरत गाढ झोपलेला. चाचीनं फडक्यात गुंडाळून नारळाच्या दुधातली सांदणं घेतली होती. देवाचं गाव म्हणून तिनं मासळी-गोश्त काही घेतलं नव्हतं. अंबाडीच्या पुढे रस्त्याला खड्डे लागले तेव्हा रामसूरत जागा झाला आणि म्हणाला, "लूम चालू हो गया क्या?"

कुंडावर जी मजा झाली ती विचारू नका. मल्लेशनं 'इसमें क्या है' म्हणत सगळ्यांत कढत कुंडात पाय घातला आणि अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या नदीवरचे बगळे उडाले. चाचांचे गुडघे दुखायचे. ते पायजमा दुमडून, पाय पाण्यात सोडून, डोळे मिटून बसले ते उठायलाच तयार नाहीत. मी अंगावर तांब्या ओतला, तो ओळखीचा दर्प नाकात गेला आणि किती तरी दिवसांनी मला अंघोळ झाल्यासारखं वाटलं.

मग सगळ्यांना घरी नेलं. आय अंगणात वाल सोलत बसली होती. एवढी माणसं बघून ती गडबडली, पदर सारखा करून उठली, आणि तिचा नेहमीचा चेहरा झाला. पाहुणे आले की ती असा चेहरा करायची, ओठांवर हसू आणि डोळ्यांत भीती, कारण कोण काय विचारील आणि आपण काय भलतंच उत्तर देऊ याची तिला धास्ती असे. मी पुढे होऊन सांगणार, की हिला कमी ऐकू येतं. तेवढ्यात मल्लेश तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, ओठ पुरते फाकवले आणि गरजला, "नमस्ते अम्मा! मैं मल्लेश! आपके बेटे का उस्ताद!" आणि 'उस्ताद' म्हणताना त्यानं हातानं लूमचं हँडल ओढून दाखवलं. गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. शेजारचे दोघंतिघं काठ्या घेऊन कुंपणाशी आले. दादा दुकान सोडून धावत आला, "काय झाला? कोन भांडतंय?" मी म्हटलं, "दादा, कुणी भांडत नाही. ही माणसं नमस्कार करतायत."

आय मल्लेशच्या तोंडाकडे बघत होती. "मल्लेश," ती सावकाश म्हणाली. "ह्यो तुला शिकीवतो? मारीत तं न्हाय ना?" मी भाषांतर करायच्या आत मल्लेशनं थप्पड मारल्याची खूण केली आणि मग जोरजोरात मान हलवली. आय खुदकन हसली. मग चाची तिच्या शेजारी जमिनीवर फतकल मारून बसली, पुढ्यात वालाचा ढीग ओढून सोलायला लागली आणि तिच्या त्या गॅलरीतल्या आवाजात बोलायला लागली. वालाच्या बिरड्यात तू खोबरं भाजून घालतेस की कच्चं? आय सांगू लागली. सांदणावरून तर दोघींचा वाद पेटला. आय म्हणे सांदण करावं तर काकडीचं, चाची म्हणे नारळाच्या दुधाशिवाय सांदण कसलं. हात नाचताहेत, आवाज चढताहेत, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात चकित होऊन उभी. सासू इतकं बोलते हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. जेवणं झाली, दिवस कलला, तरी दोघी उठेनात. दादा माझ्या कानात म्हणाला, "गुरू, ह्या बाईला हितंच ठेवून जा रं."

निघताना मात्र आयनं माझा हात धरला आणि चाचांना सगळ्यांसमोर सांगितलं, "मानसं चांगली हायेत तुमची. पन होळीला माज्या पोराला पाठवा. कायमचा." चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून मान लववली. आईच्या पुढे बोलायची त्या घराची रीत नव्हती. चाची तेवढी म्हणाली, "देते की तुझा पोरगा. पण तू न्यायला ये. आमच्या घरचं पाणी पिऊन जा." टेम्पो सुटला. रामसूरतनं मला गुळाचा खडा दिला. एवढ्या जणांत तो मला एकट्यालाच दिला.

होळी झाली आणि दादानं आयला एसटीत बसवून दिलं. मी तिला स्टँडवर घ्यायला गेलो. परतीचं ठरलेलं होतं. दोन दिवस चाचीकडे राहायचं, आणि मग आम्ही दोघांनी दुपारच्या गाडीनं अकलोलीला जायचं. माझी पत्र्याची पेटी भरून, दोरीनं बांधून खाटेखाली तयार होती. रामसूरतनं माझी चादर घडी करून तिच्यावर ठेवली होती. मला रडू येत होतं आणि मी ते गिळत होतो, कारण आयला ओठ वाचता यायचे तसा चेहराही वाचता यायचा.

हॉस्टेलात पहिल्यांदा येणारा माणूस दारातच कानांवर हात ठेवतो. आयनं पायरीवर पाऊल ठेवलं आणि ती थांबली. खाली पायांकडे बघितलं. चप्पल काढली, अनवाणी उभी राहिली. मग भिंतीवर तळवा टेकवला. लूम धडाक्यात चालू होत्या आणि अख्खी इमारत थरारत होती. "गुरू," ती म्हणाली, "ह्ये घर वाजतंय." तापानंतर तिच्या तोंडून मी 'वाजतंय' हा शब्द कधी ऐकला नव्हता. ती बराच वेळ तशीच भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि तालावर तिची मान हळूहळू हलत होती.

ते दोन दिवस मी खाली कामावर होतो. मल्लेश म्हणाला होता, जाईपर्यंत काम सोडू नकोस. वर मान केली की गॅलरीत चाची दिसायची आणि तिच्या शेजारी आय. चाची खाली खूण करायची आणि मग आयला वळून दाखवायची. दुसऱ्या दिवशी मासळीवाली आल्याची वर्दी चाचांना आयनंच दिली. बोटं जरा जास्तच वळवळवली, चाचांना वाटलं साप निघाला. ते काठी घेऊन वर पळाले आणि सगळा कारखाना हसला. संध्याकाळी मी वर गेलो तर दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आय माझ्याकडे वळून म्हणाली, "मी चाचीला इचारला, तुमाला समद्यांना ऐकू येतं का न्हाय? ती बोलली, लूम चालू असली का हितं कोनालाच ऐकू येत न्हाय." मी समोर बसून म्हटलं, "खरं आहे, आय." ती पुन्हा सुपाकडे वळली. मग स्वतःशीच म्हणाली, "म्हंजी हितं समदी माज्यासारखीच. हितं मी बहिरी न्हाय." चाचीनं तिच्या गुडघ्यावर जोरात थाप मारली. मी उठून गॅलरीच्या टोकाला गेलो.

आज त्या जागी लूम नाहीत. चाचा गेले, चाची गेली, लूम भंगारात निघाल्या आणि खाली आता पार्सलांचे खोके रचलेले असतात. माझ्या धाकट्या मुलाची नोकरीही दापोड्याला गोडाऊनमध्येच आहे, आणि ते गोडाऊन इतकं शांत की माझी छाती दडपते. मी जन्मभर जॉबरकी केली. त्या कामानं माझं घर उभं केलं आणि माझे कानही घेतले. आता कानात मशीन घालतो. घरातल्यांना वाईट वाटतं, मला फारसं नाही. माझ्या नातीला मी हातांनी बोलायला शिकवलंय. चहा झाला की ती स्वयंपाकघरातूनच मला मूठ दाखवते.

तर शेवटचा दिवस. दुपारची गाडी गाठायची होती. मी सकाळची लूम चालवत होतो आणि कापडाकडे बघायचं सोडून दाराकडे बघत होतो. ठरलं होतं की आय बोचकं घेऊन शेडच्या दारात येईल, मी लूम बंद करीन, वर जाऊन पेटी आणीन आणि निघू. वेळ भरत आली. मल्लेश पलीकडच्या लूमवर वाकला होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. आणि आय दारात आली. हातात बोचकं नव्हतं. मला वाटलं, वर राहिलं असेल. ती तिथेच उभी राहिली आणि ओळीनं चाललेल्या लूमकडे, सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांकडे, मग माझ्याकडे बघू लागली. माझा हात हँडलवर गेला. मी तिला टाळी वाजवून तळवे उघडून दाखवले. बंद करू?

तिनं मान हलवली, नाही. मग उजवा पंजा पालथा केला आणि हवेत थोपटला. एकदा. पुन्हा एकदा. खूण बरोबर झाली की नाही म्हणून वर गॅलरीत चाचीकडे बघितलं, आणि परत माझ्याकडे वळून तेच केलं, या वेळी न बघता, सावकाश, मी तान्हा असताना केलं असेल तसं. पलीकडच्या लूमशी मल्लेश ताठ उभा राहून रडत होता आणि हसत होता. मी हात हँडलवरून काढून घेतला.

चहाच्या सुट्टीत धावत वर गेलो. माझी पेटी खाटेखाली उघडी होती, कपडे परत खुंटीला लागले होते. पेटीची दोरी कुठे गेली म्हणून बघायला गॅलरीत आलो. दोरी या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधली होती, आणि तिच्यावर चाचीच्या ओढणीशेजारी आयचं धुतलेलं लुगडं वाळत होतं.